तीन नंबरचं माप

विरारजवळच्या वटार गावातली माणसं फोरमन त्यांच्या पंपावरून ओळखत. सकाळी वाड्यांमधल्या विहिरींवर डिझेल पंप सुरू झाले की ते ओट्यावर चहाचा पेला घेऊन बसत आणि हजेरी घेत. हा पास्कूचा, हा मोजेसचा, हा शंकर पाटलांचा. एखादा पंप सुरू झाला नाही तर त्या घरात कोणीतरी आजारी आहे असं ते धरून चालत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. एका रविवारी मिस्सा चालू असताना, फादरांचं प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना, फोरमन बाकावरून पुढे वाकले, पुढच्या रांगेतल्या पास्कूच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "घरी जा. व्हॉल्व्ह चिकटलाय." पास्कूची वाडी चर्चपासून अर्धा मैल लांब. पास्कू उठून गेला. व्हॉल्व्ह चिकटलेला होता. रविवारी पंप चालू ठेवल्याबद्दल फादर पास्कूला जे बोलले ते वेगळं.

मुंबईतल्या एका गिरणीच्या मशीन शॉपमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली, शेवटची नऊ फोरमन म्हणून. निवृत्त झाल्यावर गावाने हुद्दा ठेवला आणि नाव सोडून दिलं. बायको फिलूकाकीसुद्धा दारात आलेल्याला "फोरमन वाडीत गेलेत" असंच सांगे. मी त्यांचा शेजारी. एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि पाळी दुपारनंतरची असल्यामुळे सकाळी मोकळा असे. मी त्यांना काका म्हणे. ते मला पेपरवाला म्हणत, आणि ते लाडाने नसे.

गाडी आली ती निवृत्तीच्याच वर्षी, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, मिठाच्या ट्रकमधून. तिचं पुढे जे झालं ते पाहता ट्रकची निवड चांगली नव्हती. गिरणीचे इंजिनिअर साहेब देश सोडून चालले होते. जाताना त्यांनी ती फोरमनना देऊन टाकली. दोन माणसांपुरती, उघडी, लांब नाकाची इंग्रजी स्पोर्ट्स कार, तेव्हाच वीसेक वर्षांची जुनी. इंजिन पूर्ण जाम. ट्रकमधून उतरवल्यावर फिलूकाकीने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्याच्यात केळीचे घड किती बसतील?"

"एक पण नाय."

"मग काय करायची?"

"चालवायची."

"कुठे?"

दुसऱ्या दिवशी फोरमननी इंजिन बाहेर काढून पडवीत घेतलं.

त्यांचा नियम एकच होता: या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही. विरारचा एक चांगला मेकॅनिक आपणहून मदतीला आला, त्याला चहा देऊन परत पाठवलं. "बत्तीस वर्षं मालकाची मशिनं लावली," ते म्हणाले. "बोल्ट माझा, नट दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची. एक इंजिन मला पयल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताने चालू झालेलं ऐकायचंय." हे ते हट्टाने म्हणत, पण त्यामागे घाई होती. त्यांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाने वेग कमी होईल, गेलेली नजर परत येणार नाही. त्यांची नजर कडांपासून आत आत कमी होत चालली होती.

काम सकाळी आठ ते अकरा. रविवारी हत्याराला हात नाही. सुटा केलेला प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन, पुसून बाकावर ओळीने मांडलेला असे आणि त्या ओळीतून मांजर गेलं तरी ते सगळी ओळ पुन्हा तपासत. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, त्याची काही पानं वाळवीने खाल्लेली. ते मी मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं, हे माझं काम. एकदा मी "नट नीट घट्ट करावा" असं सांगितलं. ते म्हणाले, "नीट म्हणजे किती? पुस्तकात आकडा असेल, तो सांग. तुझं मराठी नको." आकडा होता. मी तो गाळला होता.

पहिल्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी एक चूक केली, आणि ती वटारच्याच माणसाने करावी अशी होती. इंजिनात क्रँक नावाचा कणा असतो. त्यावर प्रत्येक पिस्टनसाठी एक, अशा चार गुळगुळीत गोल जागा असतात. त्यांना जर्नल म्हणतात. फोरमननी तो क्रँक आरशासारखा चकचकीत केला, वर ग्रीस लावलं, आणि केळीच्या खोडावरून सोललेल्या सुक्या सोपटात गुंडाळून, केळीच्याच दोराने बांधून माळ्यावर ठेवला. आमच्याकडे विड्याची पानं, मोगऱ्याच्या कळ्या, जे म्हणून जपायचं ते सोपटात बांधतात. फिलूकाकी खालून बघत होती.

"सोपटात पान ताजं राहतं," ती म्हणाली.

"म्हणून तर."

"ताजं राहतं म्हणजे ओल राहते."

फोरमननी ते ऐकलं नाही. बत्तीस वर्षांच्या अनुभवाला केळीची वाडी शिकवू पाहत होती. सप्टेंबरमध्ये पुडकं सोडलं तेव्हा चारही जर्नलवर गंजाचे टिपके होते. त्यांनी नखाने एक खरवडून पाहिला. ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या सकाळी पंपांची हजेरी झाली नाही.

क्रँक मशिनवर घासून घेणं भाग होतं, आणि ते पडवीत होण्यासारखं नव्हतं. ते स्वतः क्रँक घेऊन मुंबईच्या एका वर्कशॉपात गेले आणि दिवसभर मशिनशेजारी स्टुलावर बसले. पण मशिनवरचा मापाचा काटा त्यांना दिसत नव्हता, आणि हे त्यांनी तिथल्या माणसाला सांगितलं नाही. घासल्यावर क्रँक बारीक होतो, म्हणून त्याला जाड बेअरिंग लागतं. ते आपल्याकडे मिळेना. त्यांचा भाचा बोटीवर कामाला होता. त्याला पत्र गेलं. भाच्याने आणलं ते माप चुकीचं होतं. पुन्हा पत्र, पुन्हा बोटीची फेरी. सव्वा वर्ष गेलं. या काळात फोरमननी बाकावरची ओळ कितीतरी वेळा पुसली आणि पुन्हा मांडली. काकी म्हणे, "देव्हाऱ्याला एवढं पुसलं असतं तर संत झाला असतास."

बेअरिंग आलं तेव्हा त्यांना मायक्रोमीटरच्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. मायक्रोमीटरने इंचाचा हजारावा भाग मोजता येतो. कारखान्यात त्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. तो कसा वाचायचा हे त्यांनी मला शिकवलं. "हात नाय लावायचा तुझा. नुसता डोळा दे," ते म्हणाले. प्रत्येक जर्नलची दोन मापं: एक आडवं, एक उभं. दोन्ही सारखी आली तर जर्नल गोल, नाहीतर लंबगोल, म्हणजे निकामी. फोरमन बोटांनी मायक्रोमीटर बसवत, मी आकडा वाचत असे. एक नंबर बरोबर. दोन नंबर बरोबर. तीन नंबर आडवं बरोबर आलं, उभं दोन थाऊ कमी.

मी पुन्हा वाचायला मागितलं. त्यांनी पुन्हा बसवलं. दोन थाऊ कमी. मशिनशेजारी बसून त्यांना जे दिसलं नव्हतं ते मला दिसत होतं. आता क्रँक पुन्हा घासायचा, मग त्याहून जाड बेअरिंग, म्हणजे भाच्याला पत्र आणि आणखी एक वर्ष. तोपर्यंत त्यांचे डोळे राहतील असं कोणी सांगू शकत नव्हतं. त्या सकाळी मी डाव्या बाजूला सरकलो की मी त्यांना दिसत नव्हतो. मला कंटाळाही आला होता, हेही इथे नोंदवायला हवं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सारखं."

"नक्की?"

"नक्की."

दोन महिन्यांनी इंजिन जोडून झालं. अंगणात माडाच्या दोन ओंडक्यांवर ते बोल्टने बसवलं, आंब्याच्या फांदीला पेट्रोलची बाटली टांगली, पिंपातून पाण्याची नळी आणली. एका शनिवारी सकाळी आळी जमली. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. कोंबड्या वाडीत पळाल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोरमननी बांबूची काठी इंजिनाला टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावलं. पाच मिनिटं ते तसेच वाकून उभे राहिले.

"बंद करा."

"काय झालं? देवासारखी चाललीय की!" पास्कू म्हणाला.

"देवाचं मला सांगू नको. तीन नंबर ठोकतोय."

कोणालाच ठोका ऐकू आला नव्हता. फोरमननी काठी खाली ठेवली. मी कुठे उभा आहे ते त्यांना ठाऊक होतं. ते तिकडे वळले.

"पेपरवाले. तीन नंबरचं उभं माप किती होतं?"

"दोन थाऊ कमी."

"मला काय सांगितलंस?"

"सारखं."

"का?"

"एक वर्ष गेलं असतं, काका. तुमचे डोळे…"

"डोळे माझे. वर्ष माझं. तुझं काय जात होतं?"

आळी हळूहळू पांगली. सोमवारी आठ वाजता फोरमननी इंजिन खोलायला घेतलं. वर्कशॉपला, भाच्याला, दोघांना पत्रं गेली; ती त्यांनी शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतली.

ते माझ्याशी बोलायचे थांबले नाहीत. पावसावर बोलत, फादरांच्या बदलीवर बोलत, पेपरातल्या बातम्यांना नावं ठेवत. इंजिनाचा विषय मात्र माझ्यासमोर निघत नसे. क्रँक पुन्हा घासून आला, आणि मायक्रोमीटर वाचण्याचं काम आता फिलूकाकीकडे होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. ती तीन सकाळींत वाचायला शिकली. कुंपणावरून त्यांचं बोलणं ऐकू येई.

"किती?"

"सतरा आणि जरा."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा. तिथे रेघ नाय. नसलेली रेघ मी कुठून वाचू?"

"बरोबर. तसंच सांग."

भाच्याने तिसरं बेअरिंग आणायला चौदा महिने घेतले. तोवर फोरमनना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. गाडीचं त्याहून वाईट झालं होतं. तीन पावसाळे अंगणात काढल्यावर तिच्या तळाच्या पत्र्यात बोट आरपार जाई. काकीने त्यांचा हात धरून ते दाखवलं. त्यांनी बोट घातलं, काढलं, पॅन्टला पुसलं आणि पडवीत जाऊन पिस्टन बसवायला घेतले. इंजिनाला बसायला आता गाडी नव्हती. इंजिन त्यांनी पूर्ण जोडलं, सगळं बोटांनी, प्रत्येक बोल्ट मोजून.

फोरमन त्याच वर्षी नाताळच्या आधी गेले. इंजिन एकूण दोनदा चाललं. दुसऱ्या वेळी मला बोलावणं नव्हतं. मी आमच्या कुंपणापाशी दात घासत उभा होतो, तेव्हा ते सुरू झालं. या वेळी टाळ्या नव्हत्या. मी हातावरच्या घड्याळात वेळ पाहिली. आवाज एकसारखा चालू राहिला आणि मग कोणीतरी बंद केल्यासारखा थांबला. मी तोंड धुतलं आणि कुंपणाचं फाटक उघडून आत गेलो.

फोरमन स्टुलावर बसले होते, हात गरम इंजिनाजवळ धरलेला. काकी शेजारी उभी होती.

"ऐकलंस?"

"हो."

"किती वेळ चाललं?"

"अकरा मिनिटं."

"घड्याळात बघून सांगतोस की मनाने?"

"घड्याळात."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "फिलू?"

"अकरा," काकी म्हणाली.

मग फोरमननी विचारलं, "तीन नंबर ठोकत होता?"

मला ठोका पहिल्या वेळी ऐकू आला नव्हता, या वेळीही आला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं असेल असंही मला वाटलं.

"मला कळत नाही, काका," मी म्हणालो. "पहिल्यांदाही कळलं नव्हतं."

"हां," फोरमन म्हणाले. "हे माप बरोबर दिलंस."