आलोआलोचे नवे ब्रेक

आमच्या चढावरच्या गल्लीत सामान पोचवायचं काम करणारा एक म्हातारा राहतो. त्याला सगळे आलोआलो म्हणतात. त्याच्या जुन्या पिकअपला हॉर्न आहे, पण त्याचा भरवसा गळ्यावर. वळण आलं की खिडकीतून मान बाहेर काढून तो ओरडायचा, "आलो! आलो!" त्या ओरडण्यात कळकळ खरी असायची, कारण गाडी थांबेलच अशी त्यालाही खात्री नसायची.

मी त्याचा शेजारी. नोकरीत असताना रजेच्या अर्जापलीकडे मी काही लिहिलं नाही, तेव्हा जमेल तसं सांगतो. निवृत्त झाल्यावर मी त्याच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसू लागलो. माझं काम एकच. गाडी थांबत आली की लाकडी ठोकळा घेऊन उतरायचं आणि तो चाकाखाली सरकवायचा. थोडक्यात, नऊ वर्षं त्या गाडीचा हँडब्रेक मीच होतो.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या गाडीत बसत नसत. पूर्वी एकदा दोघं त्याच्या बहिणीकडे गेली होती. बहीण फाटकात उभी होती. गाडी तिच्यासमोरून पुढे गेली, याने नुसता हात हलवला, आणि चौथ्या घराच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींमध्ये गाडी शिरली. वहिनी चादरीतून बाहेर आल्या, त्या घरच्या लोकांची माफी मागितली, नणंदेकडे चहा घेतला आणि चालत घरी आल्या. "ही गाडी थांबायला शिकेल त्या दिवशी बसेन," म्हणाल्या. त्याला अकरा वर्षं झाली.

चालणं जमत होतं तोवर ठीक होतं. मग त्यांची मुलगी उताराच्या तळाशी राहायला गेली, तिला मुलगी झाली, आणि त्याच महिन्यात वहिनींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. भाड्याच्या गाड्या तर आमचा चढ पाहूनच परत फिरतात. नात तीन आठवड्यांची झाली तरी आजीने तिला फोनवरच पाहिलेलं.

"अहो, तिचे डोळे कुणावर गेलेत ते फोटोत नाही हो कळत," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आलोआलो गॅरेजमध्ये गेला. मी ठोकळा घेऊन बरोबर होतोच.

नव्या ब्रेकच्या सेटची किंमत ऐकून तो स्टुलावर बसला. "मिस्त्री, एवढ्यात तर अख्खी गाडी येईल!"

"ही? अशा दोन येतील," मिस्त्री म्हणाला.

मग तोड त्यानेच काढली. याच कंपनीची, याच बांध्याची, पण दहा वर्षं अलीकडची एक रुग्णवाहिका भंगारात आली होती. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, शिवाय ऑइल ढकलणारा सिलिंडर आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर. मिस्त्रीने मापं घेतली, सगळं जुळलं.

"लोखंड जुनं चालेल," त्याने बोट उगारलं, "पण रबर, ऑइलचे होज पाइप आणि पॅड नवेच घ्यायचे. तिथे चिकटपणा केलात तर मी हात लावणार नाही."

मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रमला नवे लायनर बसले, ऑइल बदललं, आणि सगळं नव्या सेटच्या चौथ्या हिश्शात आटोपलं. पाच दिवसांनी गाडी मिळाली. खरी पंचाईत तिथून पुढे. ब्रेक नवे होते, पाय जुनाच होता.

त्या पायाला बावीस वर्षं एकच सवय. कोपऱ्यावर थांबायचं असेल तर सलूनपासूनच पेडलवर उभं राहायचं. त्याने तसंच केलं. गाडी सलूनसमोर जागच्या जागी खिळली. माझं कपाळ डॅशबोर्डला भेटलं, चष्मा काचेपर्यंत गेला आणि मागचं रिकामं पिंप कॅबिनवर येऊन आदळलं. न्हावी वस्तऱ्यासकट बाहेर आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

"दाढी करायचीय का?"

"नाही, कोपऱ्यावर थांबायचं होतं."

"मग कोपरा तिकडे आहे की!"

तीन दिवस हेच चाललं. जिथे जायचं तिथून तीस पावलं अलीकडे गाडी थांबे. एका बाईंनी तर दारातून विचारलं, "काका, कपाट आता चालत येणार का?"

हे वहिनींच्या कानावर आलं. त्यांनी काठोकाठ भरलेलं पातेलं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "भावोजी, हे धरा. तळापर्यंत जाऊन या. पाणी सांडलं नाही तर मी बसते."

"आणि सांडलं तर?"

"तर पँट वाळत घाला."

आठ दिवस मी रोज भिजलो. खालच्या दुकानदाराने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. मला खरं कारण सांगायचा संकोच वाटला, नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने पत्ताही लिहून दिला.

पण पातेल्यात रोज थोडं जास्त पाणी उरू लागलं. आलोआलो ब्रेक दाबताना स्वतःच्या पायाला सांगत असे, "हळू रे राजा, हळू." नवव्या दिवशी मुलीच्या फाटकाशी गाडी थांबली, हे मला खिडकीतून बाहेर पाहिल्यावर कळलं. पँट कोरडी!

घरी परतल्यावर वहिनींनी पातेल्यात बोट बुडवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "वाटेत भरलं नाहीत ना?"

"वहिनी, एवढी अक्कल असती तर आठ दिवस भिजलो असतो का?"

हे त्यांना लगेच पटलं.

साडी बदलून त्या माझ्या जागेवर बसल्या. मी ठोकळा घेऊन मागे चढलो. कॅबिनच्या काचेतून मला त्या दिसत होत्या. उतार संपेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड रेटून धरला होता. फाटकापुढे गाडी अगदी अलगद थांबली. थांबल्यावर आलोआलोने सवयीने मान बाहेर काढली, "आलो! आलो!"

आत बाळ दचकून रडायला लागलं.

"अहो, पोचलोय आपण! आता कशाला ओरडताय?" वहिनी म्हणाल्या, पण हसत होत्या, आणि गुडघे विसरून उतरतही होत्या.

मी मागून उतरलो आणि चाकाखाली ठोकळा सरकवला.

"भावोजी, आता कशाला तो?"

मी ओशाळून तो काढायला वाकलो. चार पावलं गेल्यावर वहिनी थांबल्या, वळून त्यांनी त्या उभ्या उताराकडे एकदा पाहिलं.

"बरं, असू दे," म्हणाल्या, आणि बाळाचे डोळे पाहायला आत गेल्या.