सरव्याचा इंग्रजी शब्द

दुधराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. पहिलं मनात आलं ते हेच, की हा माणूस इतक्या घाईने कधी कुठे जात नसे... वर्गावरसुद्धा नाही. आम्ही एकाच शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं. तो इंग्रजी, मी गणित.

एक बोलणं त्याच्याशी राहून गेलं. नोकरीच्या सुरुवातीला, धानकापणीच्या दिवसांत, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, "दुधराम, तुझी माय काल माझ्या बांधीत सरवा येचून राहिली होती गा. मास्तरच्या घरी भात शिजत नाही का?" सरवा म्हणजे कापणीनंतर बांधीत, धानाच्या शेतात, पडून राहिलेल्या लोंब्या; त्या जो वेचेल त्याच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळे हसले, तोही हसला आणि घरी जाऊन त्याने आईचं शेतात जाणं बंद केलं. त्याची आई, भागरताबाई, महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

मग एका सोमवारी तो जाडजूड जुनी डिक्शनरी काखेत मारून आला. त्याला 'लीझ' हा शब्द सापडला होता. भाडेपट्ट्याचा लीज वेगळा. हा त्याहून जुना, इंग्रजांच्या खेड्यांत सरवा वेचण्यासाठीचा, आता कुणी न वापरणारा. "मूळ अर्थ गोळा करणं," तो डोळे मिचकावत सांगू लागला. "त्याच मुळातला शब्द जर्मन लोक आजही पुस्तक वाचण्यासाठी वापरतात. मग माय अन् मी वेगळं काय करून राहिलो गा?" त्याच संध्याकाळी पँट दुमडून तो आईसोबत बांधीत उतरला. पुढे दर कापणीला एक रविवार ठरलेलाच. त्याचं वेचणं इतकं गबाळं, की भागरताबाई मागून पुन्हा वेचत यायच्या. मला तो कधी काही बोलला नाही आणि मीही माफी मागितली नाही. त्याची लाज वाटते मला.

तो दिवाळीआधी गेला. यंदाच्या कापणीला भागरताबाई एकट्याच माझ्या बांधीत आल्या. ऐंशी उलटलेली बाई, टोपली कमरेवर. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून कसंबसं म्हणालो, "मावशी, तेव्हा त्याले मीच बोललो होतो..."

"मले मालूम आहे," त्या वाकलेल्याच म्हणाल्या. "त्यानंच सांगतलं. म्हने, तो बोलला म्हनून मले शब्द भेटला." मग टोपली माझ्याकडे सरकवली. "आता उभा काऊन आहेस? त्याच्या वाट्याचं कोन येचंल?"