पाववाल्याची कॅसेट

माझ्या बाबांनी एक सिनेमा चाळीस वर्षं जिवापाड जपला आणि तो सिनेमा मी एकोणचाळीस वर्षांपूर्वीच पुसून टाकला होता.

बाबा कुवेतमध्ये एसी दुरुस्तीच्या कामावर होते. एका सुट्टीत त्यांनी चिपळूणजवळच्या आमच्या गावी व्हीसीआर आणला आणि सोबत एकच कॅसेट. जुना, काळापांढरा इंग्रजी सिनेमा. लंडनच्या बेकरीतला एक वेंधळा नोकर पिठात पडतो, शिडीवरून पडतो, मालकाच्या अंगावर पडतो आणि शेवटी पहिल्या पगाराचा केक अनाथ मुलांना वाटून टाकतो. नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्याकडे तो ‘पाववाला’. इंग्रजीचा गंध नसलेलं सगळं गाव आमच्या ओटीवर आधी पोट धरून हसायचं आणि मग नाकं पुसत घरी जायचं.

बाबा कुवेतला परत गेले आणि काकांनी सुट्टीवर येताना भलामोठा व्हिडिओ कॅमेरा आणला. मी चौदा वर्षांचा. आपणही पाववाला व्हायचं, असं माझ्या डोक्यात घुसलं. कोरी कॅसेट नव्हती. पण मला एक युक्ती ठाऊक होती (अभ्यास सोडून मला सगळं ठाऊक होतं). कॅसेटच्या मागच्या बाजूला जे चौकोनी भोक असतं, त्यावर सेलोटेप लावली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होतं. लावली. झालं. त्याच पावसाळ्यात व्हीसीआरवर वीज पडली आणि मी सुटलो. निदान मला तसं वाटलं.

आता मी कुवेतमध्ये, अबू हलीफाला राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये बाबा आमच्याकडे आले. वय ऐंशी. आई जाऊन सहा वर्षं झालेली. बॅग उघडली तर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि मधोमध टॉवेलात गुंडाळलेली ती कॅसेट.

“सईला पाववाला दाखवायचा,” माझ्या मुलीकडे बघत बाबा म्हणाले.

या वयात माणसाला हे कसं सांगायचं?

“बाबा, व्हीसीआर कुठे मिळतोय आता?” मी म्हणालो.

“मिळतो की,” माझी बायको नीलम म्हणाली. “शुक्रवारच्या बाजारात जुनं काहीही मिळतं.”

पुढच्याच शुक्रवारी सकाळी ती व्हीसीआर घेऊन आली. चालू स्थितीतला! त्या बाजारात मी आजवर घेतलेली एकही वस्तू घरी येऊन चालली नाही, पण हिचं नशीबच वेगळं.

मी व्हीसीआर टीव्हीला जोडायची लाल-पांढरी-पिवळी वायर तांदळाच्या पिशवीत खुपसली आणि हात झटकले. अर्ध्या तासात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहो, या तांदळाला शेपूट फुटलंय.” (बाबांसाठी पुलाव करायचा होता. रोज पोळ्या करणाऱ्या बाईला नेमका आजच पुलाव सुचला.)

आता एकच मार्ग उरला. वीज घालवायची. बाहेर पॅसेजमध्ये सगळ्या मजल्याचा बोर्ड आहे. मी प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं, वर चढलो. खटक्यांवर नंबर अरबीत. बावीस वर्षं इथे राहून मला अरबी आकडे येतात, असं मी सगळ्यांना सांगतो. मी आपला समजून एक खटका पाडला. तो समोरच्या मल्याळी शेजाऱ्यांचा. दुसरा पाडला. तो डावीकडच्या हैदराबादी कुटुंबाचा. तेवढ्यात स्टूल सरकलं. मी आधारासाठी तेच दोन खटके धरले, ते तुटून हातात आले, आणि माझा उजवा पाय थेट सफाईवाल्याच्या बादलीत.

ऑगस्टातली कुवेतची दुपार आणि एसी बंद. दोन मिनिटांत दोन्ही दारं उघडली. आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा इजिप्शियन रखवालदार, धावत आला. त्याने बोर्ड पाहिला, माझ्या हातातले खटके पाहिले, मग बादली पाहिली.

“इलेक्ट्रिशियन नमाज़ के बाद आएगा,” तो शांतपणे म्हणाला. “एक घंटा, दो घंटा.”

“मग तोपर्यंत सगळे आमच्याकडेच या ना,” नीलम दारातून म्हणाली. “हमारा एसी चालू है. पिक्चर भी लगा रहे हैं.”

अशा रीतीने ज्या गोष्टीला एकही प्रेक्षक मिळू नये म्हणून मी धडपडत होतो, तिला अकरा प्रेक्षक मिळाले. हारिस पहिल्या रांगेत.

सईने कॅसेट आत ढकलली. मी एक ओला पाय घेऊन दाराशी उभा राहिलो, पळायला सोपं म्हणून.

पडद्यावर आमचं अंगण आलं. डोक्यावर टोपली घालून एक काटकुळा पोरगा सुपात पाव म्हणून नारळ ठेवून ऐटीत चालत येतो. शेणावर घसरतो. सूप उडतं, नारळ उडतात आणि तो थेट आईच्या तांदळाच्या पिठाच्या पातेल्यात. पांढराफटक! आई खराटा घेऊन धावत येते. मारायला हात उचलते, त्याचं तोंड बघते आणि पायरीवर बसकण मारून हसत सुटते. पदराने डोळे पुसते, पुन्हा हसते.

खोलीत सगळे लोळत होते. हारिसला ठसका लागला.

“ओ माय गॉड आजो, धिस इज द बेस्ट!” सई म्हणाली. “हू इज दॅट जोकर?”

“तुझा बाप,” बाबा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

“बाबा, माफ करा,” मी म्हणालो. “तुमचा सिनेमा मी...”

“ठाऊक आहे रे, पक्या. त्या वर्षी आपल्या व्हीसीआरवर वीज पडली ना? पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा ही कॅसेट पंपवाल्या शिर्केंच्या व्हीसीआरवर लावली. तू शाळेत होतास. मी आणि तुझ्या आईने दोघांनी बघितली. तिनेच मला शपथ घातली, पोराला काही बोलायचं नाही म्हणून.”

“मग इतक्या लांब कशाला आणलीत?”

“गावात आता कुणाकडे व्हीसीआर नाही. आणि तिला हसताना एकदा बघायचं होतं.”

ज्या माणसाला वाचवायला मी अर्धा मजला उकाड्यात घातला, त्याच्याच आड मी सकाळपासून येत होतो.

बाबांनी हळूच मागे वळून माझा ओला पाय पाहिला, माझ्या खिशातून डोकावणारे खटके पाहिले.

“त्या सिनेमातला पाववाला शेवटी शहाणा होतो,” ते सगळ्यांना म्हणाले. “याची मी अजून वाट बघतोय.”