आमच्या ओपीडीतली नातीगोती

कुठल्याही कामात किस्से साठतातच. आमच्या खोलीत जरा जास्त साठतात, कारण पेशंट एक असतो आणि त्याच्या मागं आत्या, चुलता, आजा असं सगळं घर येतं. धाराशिवला एका दवाखान्यात आनुवंशिक आजारांची ओपीडी चालते, तिथं मी समुपदेशक आहे. तपासतात डॉक्टर मॅडम. रिपोर्ट आला की तो घरच्यांच्या गळी उतरवायचं काम माझं. नावं बदलून सांगते, माणसं खरीच आहेत.

आजार आनुवंशिक म्हटलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुणाकडनं आला?’

\* \* \*

कळंबकडची संगीता डाऊन सिंड्रोमची मुलगी घेऊन आली. सोबत सासू आणि मोठी जाऊ. सासूचं म्हणणं, पोटुशी असताना संगीतानं ग्रहणात विळी हातात धरली, म्हणून असं झालं.

मॅडमनी नीट समजावलं. प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्तीचं आलंय, गर्भ तयार होतानाच हे घडतं, यात आईची काही चूक नसते. संगीता मान हलवत होती, पण पटल्यासारखं दिसत नव्हतं.

तेवढ्यात जाऊ म्हणाली, “आत्या, आमी दोघी एकदमच पोटुशी होतो की. त्या दिवशी हिनं नुसती मेथी चिरली. म्या तर तुमच्यासमोर कलिंगड कापलं. माझं पोरगं पैलवान झालंय.”

ग्रहणाचा विषय तिथंच संपला. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. ओपीडीत आली की आधी माझ्या खुर्चीत बसते. मग मी उभी राहून बोलते.

\* \* \*

आजार नाही म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस मी एकच पाहिला. तुळजापूरला त्यांचं लॉज आहे. नातीला दुपट्यात गुंडाळून आजोबा स्वतः आले. “मॅडम, पोरीला पाचच बोटं हायती.”

“मग?”

आजोबांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला. सहा बोटं. “माझ्या बापाला सहा, मला सहा, पोराला सहा. हिचं एक कुठं गेलं?”

मॅडमनी सांगितलं, की ज्याच्याकडं हा गुण आहे, त्याच्या प्रत्येक लेकरात तो उतरायची शक्यता निम्मी. उतरला तर उतरला, नाही तर नाही. आजोबांनी विचार केला. “म्हंजी पुढच्याला येईल.”

मागून सून म्हणाली, “मामंजी, आधी हिला चालू तर द्या.”

\* \* \*

परंड्याचा एक मुलगा हिमोफिलियाचा. त्याचं रक्त लवकर गोठत नाही, साधा मार लागला तरी सांध्यात रक्त साचतं. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडं येतो आणि आईला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. त्याची आई त्याला घराबाहेर सोडायला घाबरायची, म्हणून मीच शाळेत गेले. मास्तरांना सांगितलं, याला वर्गात बसू द्या, पोरांत मिसळू द्या, फक्त मार लागू देऊ नका आणि रागावून हात उगारू नका.

काही दिवसांनी मास्तरांचा फोन. “मॅडम, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो का हो?”

“नाही. का?”

“अख्खा वर्ग म्हणतोय, आमालाबी तेच झालंय. गृहपाठ एकानंबी केला न्हाय.”

\* \* \*

ईट गावच्या एका लेकराला थॅलेसेमिया. थोड्या थोड्या दिवसांनी रक्त चढवावं लागतं. आई एकटी त्याला कडेवर घेऊन एसटीनं यायची. आजी एकदाच आली, तीही भांडायला. “आमच्या घराण्यात असलं न्हाय. हिच्या माहेरचं हाय.”

मॅडमनी सगळ्यांचं रक्त तपासलं, आजीचंसुद्धा. रिपोर्ट आल्यावर मी सांगितलं, “आजी, एकाच बाजूनं आलं तर माणसाला कळतसुद्धा नाही. लेकराला दोन्ही बाजूंनी मिळालं, म्हणून हा आजार झाला. तुमच्या मुलात आहे, आणि त्याच्यात आलं ते तुमच्याकडून.”

“म्हंजी अर्धं आमचं?” आजीनं विचारलं.

“व्हय.”

पुढच्या खेपेला सून आलीच नाही. आजी नातवाला कडेवर घेऊन दारात उभी. “अर्धं माझ्याकडनं आलंय न्हवं? मग अर्ध्या फेऱ्या माझ्या.”

\* \* \*

उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या वेशीवर, सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न लावायची चाल आहे. तिकडच्या सुमनचं तिच्या बसूमामाशी लहानपणीच ठरलं होतं. मामा तिच्याहून चार-सहा वर्षांनी मोठा, बघायला देखणा, पोरीलाही पसंत. तिचा धाकटा भाऊ थॅलेसेमियाचा. त्याला रक्त चढवायला हा मामाच घेऊन यायचा.

मॅडम म्हणाल्या, लग्नाआधी दोघांची तपासणी करा. केली. दोघंही वाहक निघाले, म्हणजे स्वतःला आजार नाही, पण लेकरांत उतरू शकतो.

मामानं मला विचारलं, “म्हंजी काय व्हईल?”

“प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक शक्यता.”

“पयल्यालाबी?”

“पहिल्यालाही.”

तो पलंगावरच्या सुमनच्या भावाकडं बघत राहिला. शीर सापडत नव्हती, सिस्टर तिसऱ्यांदा टोचत होत्या. मामानं जाऊन पोराचा हात धरला. तसाच हात धरून बहिणीला, म्हणजे सुमनच्या आईला, म्हणाला, “अक्का, सुमनला दुसरीकडं बघ.”

अक्का रडली. सुमन उठून व्हरांड्यात गेली.

पुढच्या वर्षी तिच्या लग्नाला मी आणि मॅडम गेलो. नवऱ्या मुलाचा रिपोर्ट आम्ही आधीच पाहिला होता, नॉर्मल. मंगलाष्टकांच्या आधी भटजींनी माईकवरून सांगितलं, “नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं.”

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बसूमामा फेटा बांधून आला, सुमनचा हात धरून भराभरा चालत. वाटेत तिच्या मुंडावळ्या सरकल्या, त्या त्यानं थांबून नीट केल्या.

“सावकाश चल, पोरी,” तो म्हणाला.

“तूच पळायलास, मामा,” सुमन म्हणाली.