अनुक्रमणिकेतलं आडनाव

आमच्या गल्लीचा पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "सर, कळलं का? आमचे सॉर्टिंगचे पगारेसाहेब गेले. परवा, हार्ट अटॅकनं." आणि मी, पंधरा वर्षं त्यांचा मित्र म्हणवून मिरवणारा, विचारतो काय, तर "कोण पगारे?" पोस्टमन माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला… अरे, तुळशीराम! आपला तुळशीराम! मी तिथंच पायरीवर बसलो. महिना उलटून गेला, पण तो माझाच प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि अंगात दिवाळी अंक काढायची खाज होती. रविवारी सकाळी आमच्याकडे पाच-सात जण जमायचे. साहित्य आणि न्याय, समाज आणि माणसाची ओळख… विषय केवढाले, आणि सोबत पोहे. तुळशीराम टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा कारकून, सिन्नरकडच्या खेड्यातल्या बौद्ध घरातला. दाराजवळची खुर्ची त्याची. आम्ही तासभर पुस्तकांतला अन्याय चघळला की तो एखादंच वाक्य टाकायचा. एकदा म्हणाला, "सर, हे सगळं माझ्या आबाला सांगितलं ना, तर तो म्हणंल, ह्यात वाचायसारखं काय हाय?" आम्ही खो खो हसलो. काय समजून हसलो कुणास ठाऊक.

मी त्याच्या मागेच लागलो, लिही म्हणून. शेवटी त्यानं आबांवर लिहिलं. गावकीची कामं करणाऱ्या त्या माणसाला अख्ख्या गावानं जन्मभर 'सख्या' म्हटलं, शेंबड्या पोरांनीसुद्धा. तुळशीरामला शाळेत घालायला गेले तेव्हा मास्तरांनी बापाचं पूर्ण नाव विचारलं, आणि आबा चाचरत म्हणाले, "सखाराम… सखाराम पगारे." परतीच्या वाटेवर दोनदा थांबून त्यांनी पोराला विचारलं, "पगारे लिवलं ना रं मास्तरनं? तू बघितलं ना?" हे वाचताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. मी ते बायकोला बोलावून वाचून दाखवलं.

आणि इतकं रडून मी केलं काय? अनुक्रमणिकेत आणि लेखावर त्याचं नाव नुसतं 'तुळशीराम' असं छापलं. माझा हिशेब असा, की लोक आडनावावरून जात ताडतात आणि पान उलटतात; आडनावच नको, म्हणजे निखळ साहित्य वाचतील. केवढा मी पुरोगामी! त्याला विचारलंसुद्धा नाही. कशाला विचारायचं, मी त्याच्या भल्याचंच करत होतो ना. बाकी सगळ्या लेखकांची आडनावं जागच्या जागी होती. माझं तर तीन ठिकाणी छापलं होतं. संपादक कुलकर्णी, मुद्रक कुलकर्णी, प्रकाशक कुलकर्णी.

दिवाळी झाल्यावर तो आला, पिशवीत अंक घेऊन. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "सर, गावी नेला होता अंक. आबाला वाचता येत नाही. पुतणीनं त्याचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं, वाचून दाखवलं. आबा म्हणाला, पुढचं वाच. ती म्हणाली, पुढं काय नाय आबा, एवढंच हे…"

मी म्हणालो, "अरे, पण शेवटी जात जायलाच हवी ना?"

"जाऊ द्या की. पण सुरुवात माझ्यापासनंच का?" तो म्हणाला. "आमच्याकडं असं नुसत्या नावाचं पत्र आलं तर 'पत्ता अपुरा' म्हणून परत जातं, सर." मग अंक पिशवीत ठेवत म्हणाला, "पुढच्या अंकात दोन ओळी छापा. नाव अर्धं पडलं म्हणून. आबाला दाखवतो."

"छापतो की! त्यात काय एवढं!" मी म्हणालो.

छापल्या नाहीत. पुढच्या दिवाळीला पानं भरली, असं मी सांगत सुटलो. खरं कारण, मला लाज वाटली. संपादकानं असली चूक चारचौघांत कबूल करायची? त्यानंतर अंकच बंद पडला, आणि आबाही गेले. सांगायला तुळशीराम स्वतः आला होता. त्या दोन ओळींचं तो बोलला नाही, मीही नाही. भित्रा होतो मी, दुसरा शब्द नाही.

त्याचं येणं-जाणं मात्र सुटलं नाही. फक्त लिहिणं सुटलं. विचारलं की "बघू सर" म्हणायचा. इंदिरानगरला घर बांधलं, त्याचे पेढे द्यायला आला तेव्हा एकदम म्हणाला, "तो अंक आहे का हो? बघू जरा." मी काढून दिला आणि चहाचं सांगायला आत गेलो. बाहेर आलो तर अंक मिटून टेबलावर. "ठेवून द्या जपून," म्हणाला. मी ठेवून दिला.

शेवटी आज त्याच्या घरी गेलो. दारावर पाटी, तुळशीराम सखाराम पगारे. वहिनींनी कपाटातून माझ्या त्या अंकाच्या दहा-बारा प्रती काढून समोर ठेवल्या. रद्दीतून, फुटपाथवरून गोळा केलेल्या. प्रत्येकीत छापील 'तुळशीराम'च्या पुढे निळ्या शाईनं 'पगारे' लिहिलेलं. "जिथं अंक दिसंल तिथं लिहायचे," वहिनी म्हणाल्या. "वाचनालयातल्या अंकातसुद्धा लिहून आले. मी म्हणायचे, अहो, आता कोण वाचतंय? तर म्हणायचे, वाचंल कुणीतरी."

घरी आलो आणि चपला न काढताच कपाट उघडलं. माझी प्रत काढली. अनुक्रमणिकेत तेच निळं, टपोरं अक्षर… पगारे. खाली पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं, "सर, दिसलं की सांगा."

पेढे दिले त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर तो किती रविवारी आला, त्या कपाटासमोर बसला, चहा पिऊन गेला. आणि मी तो अंक एकदाही उघडला नाही.

दिसलं, पगारे. आज दिसलं.