गोंगूझलर म्हणजे कोण?

केझाया हॅम्ब्रिजचा जन्म कोळशाच्या नावेवरचा. नवरा गेल्यावर तिला इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनजवळच्या कालव्यावर, पाणी चढवून-उतरवून नावा पुढे सोडणाऱ्या दरवाज्यांच्या राखणीचं काम मिळालं. काठावरच्या माणसांवर भरवसा ठेवायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

त्या वसंतात एक टोपीवाला रोज डबा घेऊन येऊ लागला. दरवाजे उघडताना, पाणी चढताना-उतरताना तो बघत बसे. अशा बघ्यांना नावाडी गोंगूझलर म्हणत. पण ते यायचे रविवारी, पोराबाळांसकट. हा रविवार सोडून बाकी सगळे दिवस. कालव्याच्या ऑफिसने पाळतीवर ठेवलाय, की दारातल्या कोळशावर डोळा आहे? केझायाने कोळशाची पोती घरात ओढून घेतली.

एकदा तो नावेमागोमाग पुढच्या दरवाज्यापर्यंत चालत गेला होता, तेवढ्यात एक बाई पुलावरून तरातरा खाली आली.

"टेबट कुठाय? माझा नवरा. बुटांच्या कारखान्यात जातो म्हणून निघतो. तिथे विचारलं, तर म्हणे कधीच काढून टाकलाय. शेजारीण म्हणते, इथे असतो. तुमच्याकडे."

"माझ्याकडे कशाला? तो इथे बसून गोंगूझलिंग करतो."

बाईचा चेहरा लालबुंद झाला. "या वयात? आणि उघड्यावर?"

"अहो बाई, नुसतं बघणं ते. लिंकनशरकडच्या बोलीत 'गॉन' म्हणजे टक लावणं, 'गूझ' म्हणजे आ वासून बघणं. दोन्ही मिळून झालं असेल, असं वडील म्हणायचे. खरंखोटं कुणाला ठाऊक."

"काय बघतो?"

"पाणी."

बाईला पटेना. ती सरळ केझायाच्या स्वयंपाकघरात डोकावली. टेबलावर एकच कप, दाराआड कोळसा. केझायाने तिला अडवलं नाही. त्या बाईच्या जागी केझायाही डोकावली असती.

टेबट परतला. बायकोला बघून त्याने टोपी काढली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं तोंड बघवलं नसतं गं. इथे कुणी काही विचारत नाही."

 बाई त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "डबा उघड. मलाही भूक लागलीये."

सोमवारी टेबट डब्याशिवाय आला आणि काही काम आहे का म्हणाला. केझायाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग दरवाजे रंगवायला ब्रश दिला. घराला कुलूप लावूनच.