ट्रेडमिल, परकर आणि गोठलेलं खातं

माझं बँक खातं गोठलं, तेव्हा मी खाती का गोठतात यावर भाषण देत होतो.

मी रायपुरात वकिली करतो. गेली काही वर्षं आर्थिक गुन्ह्यांची प्रकरणं जास्त घेतो, म्हणून आमच्या मराठी मंडळानं एका रविवारी माझं व्याख्यान ठेवलं. विषय, ‘क्रिप्टो आणि नवे कायदे’. नेमके त्याच दिवशी माझे होणारे व्याही आणि विहीणबाई साखरपुड्याच्या खरेदीसाठी नागपूरहून आले. माझी बायको सविता, मुलगी ऋचा आणि विहीणबाई माझं बँकेचं कार्ड घेऊन सदर बाजारात जावयाची अंगठी घ्यायला गेल्या. व्याही म्हणाले, “सोन्याच्या दुकानात माह्यं काय काम? मी तुमचं भाषण ऐकतो.” आणि ते पहिल्या रांगेत येऊन बसले. (मला आनंदच झाला. व्याह्यांवर छाप पाडायची संधी मुलीच्या बापाला रोज मिळत नाही.)

मंडळाचा लॅपटॉप ऐनवेळी रुसला, तेव्हा मी माझा मोबाइलच मोठ्या पडद्याला जोडला आणि सुरू झालो. क्रिप्टो घेणं हा गुन्हा नाही, पण नफ्यावर कर घसघशीत आहे. ही नाणी विकणाऱ्या कंपन्यांना आता बँकेसारखीच गिऱ्हाइकाची ओळख तपासावी लागते. ही नाणी ठेवायच्या काही परदेशी वॉलेटांवर तर सरळ निर्बंध आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मग मी आवाज खाली आणला. “आणि चोरीचा पैसा फिरत फिरत तुमच्या खात्यात आला, तर पोलिस खातं रोखतात. तेव्हा माणूस म्हणतो, मी निर्दोष आहे. सगळेच म्हणतात.”

लोक हसले. तेवढ्यात माझ्या डोक्यामागे, पडद्यावर, हातभर उंच अक्षरांत बँकेचा मेसेज उतरला. सायबर पोलिसांच्या सूचनेवरून आपल्या खात्यातले व्यवहार थांबवण्यात आले आहेत.

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “वा, वकीलसाहेब उदाहरण बी सोबतच घेऊन आले.”

मी वळून वाचलं. खातं माझंच होतं. तरी चेहरा वकिलाचाच ठेवून म्हणालो, “हव, असाच मेसेज येतो.”

मग दुसरा मेसेज उतरला. सविताचा. ‘पैसे जाऊन नाही राहिले.’ त्याखाली, ‘विहीणबाई पाहून राहिल्या.’ त्याखाली, ‘काय करून ठेवलं तुम्ही?’

आता टाळ्या नव्हत्या. मी फोनकडे झेपावलो, तोच तिचा कॉल आला, माझं बोट भलत्याच जागी पडलं आणि सविता सभागृहाच्या दोन्ही स्पीकरांतून बोलू लागली. “अहो, खातं बंद हाये म्हणते. अंगठीचे पैसे विहीणबाईनं दिले. पोराची अंगठी पोराच्या मायनंच घेतली. मले जमिनीत गडप व्हावंसं वाटून राहिलं, आणि तुम्ही तिकडे लोकायले कायदा शिकवून राहिले?”

पहिल्या रांगेत व्याही आपली नखं अत्यंत बारकाईनं पाहू लागले.

घरी आल्यावर बँकेनं दिलेल्या नंबरावर फोन लावला. ठाणं निघालं परराज्यातलं. मी आतल्या खोलीत जायला उठलो, तर सविता म्हणाली, “इथंच बसा. स्पीकरवर टाका.” चहाच्या कपांभोवती सगळे बसले होते. जेवणं कशीबशी उरकली होती. नागपूरच्या गाडीला अजून वेळ होता, नाहीतर व्याही-विहीण तेव्हाच निघाले असते, अशी माझी खात्री आहे.

पलीकडचे इन्स्पेक्टर सभ्य होते. त्यांनी शांतपणे समजावलं. कुठल्याशा म्हाताऱ्याला ठगांनी लुबाडलं. त्या पैशातून ठगांनी इथल्याच नवा रायपूरमधल्या एका तरुणाकडून क्रिप्टोची नाणी घेतली. आणि त्या तरुणानं तेच पैसे मला पाठवले.

“उसने आपको किस बात के पैसे दिए?”

“ट्रेडमिल के.”

“ट्रेड... मिल,” त्यांनी एकेक अक्षर सुटं करत लिहून घेतलं.

“सर, मैं निर्दोष हूँ,” मी म्हणालो.

“सब यही बोलते हैं.”

व्याह्यांना चहाचा ठसका लागला.

इन्स्पेक्टरांना पुरावा हवा होता. मी त्या तरुणाला ट्रेडमिल विकली, त्या वेळची ऑनलाइन जाहिरात आणि फोटो. मी फोटो उघडला. त्यात ट्रेडमिल अशी दिसतच नव्हती. दांड्यांवर सविताचे परकर वाळत होते, पट्ट्यावर वाळत घातलेल्या बिजौरीच्या वड्यांचं ताट होतं आणि वर माझी कानटोपी. खाली मी लिहिलं होतं, ‘फारच कमी वापरलेली.’

“माहे परकर पोलिसात जाणार नाही,” सविता म्हणाली.

“अगं, पुरावा हाये.”

“मग परकर कापा फोटोतून.”

“पुराव्यात कापाकापी केली तर मले आत टाकतील.”

विहीणबाईंनी चष्मा लावून फोटो हातात घेतला. ऋचा पांढरीफटक पडली होती. बाईंचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. “सविताताई, आमच्याकडे व्यायामाची सायकल हाये. तिच्यावर ह्यांचे पायजामे असतात.”

त्या क्षणी सोयरीक वाचली. सविताही हसली आणि परकर पोलिसांकडे रवाना झाले.

थोड्या वेळानं व्याह्यांनी मला खुणेनं गॅलरीत बोलावलं. “वकीलसाहेब, एक विचारू? ते कॉइन... माह्याकडे बी हायेत. एकात फायदा झाला, दुसऱ्यात लय मोठा तोटा. कर भरताना वजा होते काय?”

“नाही होत. फायद्यावर सरकारचा कर, तोटा सगळा तुमचा.”

त्यांनी कठड्याला हात टेकला. “हिले सांगू नका.”

“कोणाले?” मागून विहीणबाईंनी विचारलं.

त्यानंतर गॅलरीत जे झालं ते मी व्यावसायिक गोपनीयतेमुळे सांगत नाही.

माझं खातं काही आठवड्यांनी सुटलं. फक्त ट्रेडमिलचे पैसे रोखा, बाकीचं खातं मोकळं करा, असा अर्ज मी स्वतःसाठीच लिहिला. (आजवरचा माझा सर्वांत कळकळीचा मसुदा. दुसऱ्याच्या खात्यासाठी मी इतका कधी पाझरलो नव्हतो.) ट्रेडमिलचे पैसे अजून अडकलेलेच आहेत, पण साखरपुडा थाटात झाला. अंगठीची परतफेड सविता आपल्या खात्यातून करायला गेली, तर विहीणबाईंनी घेतली नाही.

व्याह्यांच्या कॉइनचं करप्रकरण मीच हाताळलं. फी नको म्हटलं, तर ते ऐकेनात. “काम केलं तर फी घ्यायलेच पायजे. पण राग मानू नका वकीलसाहेब, तुमच्या खात्यात पैसे टाकायची माही हिंमत नाही.”

आणि त्यांनी नागपूरहून संत्र्यांची पेटी पाठवून दिली. वकील अशिलांना सोलतात, असं लोक म्हणतात. पण फीच सोलून खावी लागलेला वकील अख्ख्या छत्तीसगडात मी एकटाच असेन.